निळ्या बिल्ल्यांची करडं

मला एम.व्ही.एस्सी. पूर्ण करायला सहा महिने जास्त लागले. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्यांचे थिसिस बांधून जमा झाले, तोंडी परीक्षा झाल्या, दोघंतिघं नोकरीलाही लागले, आणि मी मात्र मेच्या उन्हात नरखेड तालुक्यातल्या एका गावाच्या ई-क्लासवर बकऱ्यांच्या मागे फिरत होते. ई-क्लास म्हणजे आमच्याकडे गावाची चराईची सरकारी जमीन. उशीर का झाला, असं नातेवाइकांनी विचारलं की मी कधी "डेटा कमी पडला" म्हणायचे, कधी "सरांनी थांबवलं" म्हणायचे. दोन्ही उत्तरं खोटी होती. खरं काय झालं ते सांगायला वेळ लागतो, आणि लग्नाच्या मांडवात हातात ताट घेऊन विचारणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

पहिल्या आठवड्यातच विभागाच्या ऑफिसातून एक छापील कागद मिळाला होता. मुख्य विषयाचे किती क्रेडिट, दुय्यम विषयाचे किती, संख्याशास्त्र सक्तीचं, एक सेमिनार, सल्लागार समिती, सिनॉप्सिस, प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी नैतिकता समितीची परवानगी, मग संशोधन, थिसिस, तोंडी परीक्षा. एवढं सगळं झालं की पदवी. माझे बाबा हिंगण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर काम करतात. पहिल्या पाळीहून ते घरी आले, चहा घेता घेता त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यातलं कठीण कोणतं हाय?"

मी संख्याशास्त्रावर बोट ठेवलं. माझं गणित कच्चं होतं, आणि मला खरंच तसं वाटत होतं.

संख्याशास्त्र निघालं. बाकीचे पेपरही निघाले. सेमिनारच्या दिवशी माझा आवाज पहिली पाच मिनिटं थरथरला आणि मग स्थिरावला. माझा विषय पशुपोषण, पण मला गोठ्यातल्या जनावरांपेक्षा रानात चरणाऱ्या जनावरांचं जास्त कुतूहल होतं. गोठ्यातल्या गाईला आपण काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. चरायला गेलेली बकरी दिवसभरात काय खाऊन येते ते तिलाच माहीत. उन्हाळ्याकडे दिवस झुकले की रानातलं गवत वाळतं, त्यातला कस जातो, आणि नेमकी त्याच दिवसांत करडं वाढायची असतात. अशा करडांना रोज थोडा खुराक दिला तर वजनात किती फरक पडेल, हा माझा प्रश्न होता. खुराक कशाचा, तर वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा. रसवाल्या कारखान्यामागे सालींचे ढीग कुजत पडतात ते मी पाहिले होते.

माझे गाईड, म्हणजे सर, कमी बोलणारे. त्यांनी सिनॉप्सिस वाचला, दोन ठिकाणी लाल रेघ मारली आणि म्हणाले, "साली मिळतील. बकऱ्या कुठल्या?"

कॉलेजच्या फार्मवरच्या बकऱ्या बांधून खाणाऱ्या. मला चरणाऱ्या हव्या होत्या. शेवटी नरखेडकडच्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, ते सरांचेच जुने विद्यार्थी, एका बाईंकडे नेलं. पन्नाशीच्या आसपासच्या, अंगानं शिडशिडीत. घरचा संत्र्याचा बगीचा त्यांचे यजमान पाहायचे. बकऱ्या मात्र पूर्णपणे बाईंच्या. लग्नात माहेरून आलेल्या एका पाटीपासून, म्हणजे कोवळ्या बकरीपासून, वाढवत त्यांनी चाळीसेक बकऱ्या केल्या होत्या आणि रोज सकाळी दहाच्या सुमाराला त्या स्वतः घेऊन रानात जायच्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्या मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि राग आला की नुसतं पोरी.

त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे वीस करडं जवळपास एका वयाची होती. मी दहा-दहाचे दोन गट केले. एका गटाला खुराक, दुसऱ्याला नाही. खुराकवाल्यांच्या कानात पिवळे बिल्ले, बिनखुराकवाल्यांच्या कानात निळे. दोन्ही गट सारखे असावेत म्हणून मी जुळी करडं मुद्दाम वेगळी केली, एक पिवळ्यात, एक निळ्यात. एकाच आईची, एकाच वयाची, म्हणजे तुलना चोख. संख्याशास्त्रात शिकलेलं पहिल्यांदा कामी आलं म्हणून मी खुशीत होते.

बिल्ले मारताना मावशी करडांचे कान धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "निळ्यायले काहून नाही?"

"तुलना करायला, मावशी. खुराकानं किती वाढलं ते कळायला, काहीजण बिनखुराकाचे लागतात."

"बरं," त्या म्हणाल्या.

नैतिकता समितीच्या फॉर्मला मालकाचं संमतीपत्र जोडायचं होतं. त्यावर त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. 'उपरोक्त प्रयोगाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले असून' असं काहीसं त्यात लिहिलेलं होतं. सही झाली, मी कागद फाईलला लावला, आणि माझ्या दृष्टीनं ते काम संपलं.

साली मी हॉस्टेलच्या गच्चीवर वाळवल्या होत्या. आठवडाभर सगळ्या मजल्यांवर तोच वास. मग त्या भरडून, मोजून, रोजच्या मापाच्या हिशोबानं पोत्यांत भरून गावी पोचवल्या. रोज सकाळी चरायला सोडण्याआधी पिवळ्यांना वेगळ्या खोपटात घ्यायचं, त्यांच्यापुढे माप ठेवायचं, खाऊन झालं की सगळ्यांना एकत्र सोडायचं. हे काम मावशींचं. मी दर पंधरा दिवसांनी दोन दिवसांसाठी जायचे. पहिल्या दिवशी वजनं घ्यायचे, दुसऱ्या दिवशी रानात.

रानातले ते दिवस मला फार आवडायचे. माझ्याकडे लोखंडी सळईची एक मीटर लांबरुंद चौकट होती. ती गवतावर टाकायची, आतलं गवत कापायचं, जातीप्रमाणे वेगळं करायचं, पिशवीत भरून नागपूरला नेऊन वाळवून तोलायचं. मावशींनी ती चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाल्या, "हे काय, बिनसुतळीची खाट?" त्यानंतर सगळं गाव तिला खाटच म्हणू लागलं.

चौकटीपेक्षाही अवघड काम म्हणजे घास मोजणं. एका बकरीच्या मागे दहा मिनिटं चालायचं आणि ती कशाकशाला तोंड लावते, प्रत्येकाचे किती घास घेते, ते टिपायचं. बकरी एका जागी थांबत नाही. बोरीचे दोन घास, बाभळीच्या पडलेल्या शेंगेचा एक, हिवराचा पाला मागच्या दोन पायांवर उभं राहून, मग मध्येच काही न खाता नुसतंच पाहत उभी. मी गडबडून जायचे. मावशी मागून चालता चालता सांगायच्या, "लिही, बोर. लिही, बोर. आता थे तिखाडीपाशी जाईन, पण खाणार नाही. वास घेईन अन् परतन." आणि बकरी तिखाडीपाशी, त्या उग्र वासाच्या गवतापाशी, जायची, नाक लावायची आणि परतायची. कुसळीचं गवत कोवळं असताना बकऱ्या आवडीनं खातात आणि कुसळं धरली की टाळतात, हे माझ्या पुस्तकात एका ओळीत होतं. मावशींनी मला कोणत्या बांधावरची कुसळी कधी धरते तेही सांगितलं. माझ्या वहीत त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहिलेली आहेत, आणि थिसिसमधलं वनस्पतींचं प्रकरण खरं तर त्या दोघींनी, म्हणजे त्यांनी आणि बकरीनं, माझ्याकडून लिहून घेतलं असं मी अजूनही मानते.

साठ दिवस झाले. चौथ्यांदा वजनं घेतली. बसमध्येच मी सरासरी काढली आणि मला काही कळेना. पिवळे वाढले होते, पण मी धरलं होतं त्याहून कमी. निळे वाढले होते, जवळजवळ तितकेच. वाळत्या रानात नुसत्या चराईवर इतकं वजन चढणं शक्य नव्हतं. मला वाटलं माझा लटकता काटाच बिघडला. कॉलेजात आल्याबरोबर तो मी वजनं लावून तपासला. काटा ठीक होता.

सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे निळे काय खाऊन राहिले?" ते म्हणाले. ते एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलत. नागपुरी बोलले म्हणजे गोष्ट मनाला लागली, असं आम्ही विद्यार्थी समजायचो.

"चराईच, सर."

"जा आणि पाहून ये. वजनाच्या दिवशी नको. आणि फोन करू नकोस."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. गावात उतरले तेव्हा साडेआठ झाले असतील. अंगणातून आत गेले नाही, खोपटाच्या बाजूनं गेले. मावशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढे दोन टोपल्या होत्या. त्या माप भरत होत्या, अर्धं एका टोपलीत, अर्धं दुसरीत, आणि वीसच्या वीस करडं दोन टोपल्यांत तोंड घालून खात होती. पिवळे, निळे, सगळे मिसळून. एक निळा तर टोपलीतच उभा होता.

"मावशी!"

त्या दचकल्या. वळून पाहिलं. लपवायला काही नव्हतंच, लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. "आली का," एवढंच म्हणाल्या.

"हे कधीपासून?"

"आठ दिवसानंतरपासून."

"कशाच्या आठ दिवसांनंतर?"

"तू बिल्ले मारले न, त्याच्या."

म्हणजे जवळपास सगळाच प्रयोग. निळ्यांना मिळायला नको होतं ते मिळालं होतं आणि पिवळ्यांना पूर्ण मिळायला हवं होतं ते अर्धं. माझ्याकडे दोन महिन्यांचे आकडे होते आणि त्यांतला एकही खरा नव्हता. मी तिथल्याच दगडावर बसले.

"पण मी राहायला यायचे तेव्हा तर तुम्ही फक्त पिवळ्यांनाच द्यायच्या!"

"तू असली की नव्हती देत. तुले वाईट वाटन म्हणून."

"आता बरं वाटतंय का मला?" मी ओरडले. मी मोठ्यांशी अशी कधी बोलत नाही. "तुम्ही सही केली होती, मावशी. मी समजावून सांगितलं होतं."

"सांगितलं होतं तू. मी बरं म्हटलं. पण तू सांगून नागपूरले गेली, इथं मी होती." त्यांनी एका निळ्या करडाला कुशीत ओढलं. "याले पाय. हा अन् थो पिवळा, दोघं एका पोटचे. त्याले आत घेऊन दार लावलं की हा दाराले डोकं लावून ओरडे. रोज. माय दुसऱ्या बाजूनं ओरडे. आठ दिवस मी कानावर हात ठेवला. बिल्ला कोनता हे तुले कळते, पोरी. याले काय कळते?"

त्यांनी चहा ठेवते म्हटलं. मी नको म्हणून निघाले. स्टँडवर दीड तास बसून राहिले आणि बस आली तेव्हा चढले.

त्यानंतरचे तीन दिवस मला आठवतात ते फारसे अभिमानानं नाही. माझ्या खोलीतली मैत्रीण दुसऱ्या विभागात एम.व्ही.एस्सी. करत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती मला जीव लावणारी होती आणि वाईट मनानं बोलली नाही. म्हणाली, "अगं, खुराक दिला तर वजन वाढतं हे साऱ्या जगाला माहीत आहे. उत्तर तर तुला माहीतच आहे न? निळ्यांचे आकडे थोडे खाली घे. कोण बकऱ्या परत मोजायला जाणार आहे?"

मी तसं केलं. हे मी आजवर फार कमी लोकांना सांगितलं आहे. दुपारभर लॅपटॉपसमोर बसून मी निळ्यांची वजनं एकेक करून खाली आणली. सरसकट नाही, कारण सरसकट केलं तर ओळखू येतं, म्हणून कुणाचं जास्त, कुणाचं कमी. एका निळ्याचं तर मध्येच थोडं घटवलं, खरं वाटावं म्हणून. काम चोख झालं. संख्याशास्त्राच्या सगळ्या कसोट्यांना ते आकडे उतरले. ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मी सरांकडे गेले.

सरांनी बसायला सांगितलं. पेनड्राइव्हकडे पाहिलंही नाही. विचारलं, "करडं कशी आहेत?"

मी "ठीक आहेत" म्हणणार होते. त्याऐवजी मी त्यांना त्या दाराला डोकं लावून ओरडणाऱ्या करडाचं सांगितलं. मग टोपल्यांचं, मग मावशी काय म्हणाल्या ते, आणि मग सगळंच, पेनड्राइव्हमध्ये काय आहे तेही. सरांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

"ती फाईल पुसून टाक," ते म्हणाले. "इथंच, माझ्यासमोर. ती पुन्हा उघडायचा मोह तुला होईल, म्हणून."

मी पुसली.

"आता त्या बाईंचं. तिच्यावर रागावलीस?"

"हो, सर."

"तू तिला सांगितलंस, पण विचारलं नाहीस. ती जनावरांची मालकीण आहे. माझीही चूक आहे. सिनॉप्सिसमध्ये जुळी वेगळी करायचं वाचून मी चांगलं म्हणून शेरा मारला होता." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "ही करडं आता मोठी झाली. नवीन वेत येईल तेव्हा पुन्हा करावं लागेल. एक सेमिस्टर जाईल. मुदतवाढीचा अर्ज लिही. कारण खरं लिही."

घरी सांगायचं मला सगळ्यात जड गेलं. आईनं तोंड बारीक केलं, कारण तिनं मावशीला, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीला, जूनमध्ये पदवी होईल म्हणून सांगून ठेवलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे माप चुकलं की माल रिजेक्ट होते. रिजेक्ट झाला की पुन्हा बनवतो. त्यात रडाचं काय हाय?" आणि जेवायला बसले. मला त्या वेळी वाटलं, यांना माझं दुःख कळलंच नाही. नंतर आई म्हणाली, कामावर त्यांनी चार लोकांना सांगितलं की माझ्या पोरीनं खोटं लिहिलं नाही. पेनड्राइव्हचं मी घरी बोलले नव्हते.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गावी गेले. मावशी बकऱ्या घेऊन निघतच होत्या. मला पाहून थांबल्या.

"मले वाटलं तू आता दुसऱ्या कोनाच्या बकऱ्या पाहिल्या असतीन."

"नाही. तुमच्याच पाहिजेत. पण या वेळी तुम्ही सांगा, कसं करायचं ते."

त्या हसल्या नाहीत. चालू लागल्या, मीही बरोबर चालू लागले. ई-क्लासच्या उतारावर बकऱ्या पांगल्यावर आम्ही एका पळसाखाली बसलो. मी त्यांना खरंच पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. माझं पुस्तक काय म्हणतं, उत्तर आधी माहीत आहे असं वाटलं तरी मोजावं का लागतं, हा खुराक लागू पडला तर आणखी कितीजणांच्या बकऱ्यांना उपयोगी पडू शकतो. निळे का लागतात हे मी मातीवर काडीनं रेघा काढून दाखवलं. त्यांनी मध्येमध्ये प्रश्न विचारले. एक प्रश्न तर असा होता, की निळे आणि पिवळे एकाच रानात चरतात, मग पिवळ्यांचं पोट आधीच भरलेलं असलं तर निळ्यांना चांगला पाला जास्त मिळणार नाही का? हा प्रश्न मला पुढे तोंडी परीक्षेत विचारला गेला. तोवर त्याचं उत्तर मी तयार केलेलं होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "एका पोटचे दोघं वेगळे नको करू. राहतीन तं दोघं पिवळे, नाही तं दोघं निळे."

"बरं."

"अन् निळ्यायले मागून दे. तुझं झालं की. जितके दिवस पिवळ्यायले दिलं तितके दिवस."

"देईन."

"अन् कोन निळा, कोन पिवळा, हे तू नको ठरवू."

तिसऱ्या गोष्टीला मी हसलेच. त्यांनी जे मागितलं ते संख्याशास्त्रातही मागतात. मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाकू. तुम्हीच उचला."

सरांना मी हे तीन मुद्दे सांगितले तेव्हा त्यांनी ते नव्या सिनॉप्सिसमध्ये घालायला लावले, 'पशुपालकाच्या अटी' या मथळ्याखाली. जुळ्यांचा हिशोब विश्लेषणात वेगळा करावा लागेल, काम वाढेल, म्हणाले. वाढलं.

दुसरा प्रयोग मार्च ते मे चालला. मृग बहाराची संत्री नुकतीच उतरली होती, म्हणून साली मिळाल्या. चिठ्ठ्या मावशींनी एका स्टीलच्या डब्यातून उचलल्या. त्यांचं सगळ्यात लाडकं करडू, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, निळ्यात गेलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा पाहिली आणि मग स्वतःच त्याचा कान पुढे केला.

एप्रिल-मेमधलं ते रान मी विसरणार नाही. गवत पांढरं पडलेलं, पाय ठेवला की चुरा व्हायचं. माझ्या चौकटीत कापायला काही सापडायचं नाही, तेव्हा वहीत 'निरंक' लिहायचं. बकऱ्या बाभळीच्या शेंगा वेचत फिरायच्या. मी आणि मावशी डोक्याला ओला दुपट्टा बांधून त्यांच्यामागे. या वेळी मी दर आठवड्याला जायचे आणि सकाळच्या खुराकाला हजर असायचे, पण ते लक्ष ठेवायला नव्हतं. खरं म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत होतं, मग नव्हतं.

मेच्या मध्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. "एक निळा सुस्त हाय. कान पाडून बसला. याले तुझं औषध चालते का, का थे बी मागून?"

मी लगेच निघाले. ठिपकेवालाच होता. पोटात जंत आणि त्यावर उन्हाचा तडाखा. सलाईन लावलं, औषध पाजलं, रात्र व्हायच्या आत त्यानं उभं राहून दोन पानं खाल्ली. औषधोपचार झाल्यामुळे त्याचे आकडे मला वगळावे लागले. मावशींनी विचारलं, "म्हणजे आता हा निळा नाही?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला खुराक चालू केला, आणि हे मला फोन करून सांगितलं.

निकाल आला तो मोठा नव्हता. फरक होता, आणि या वेळचा होता तो खरा होता. जुळ्यांचा हिशोब वेगळा केल्यावर तो आणखी थोडा बारीक झाला. मी अपेक्षा केली होती त्याच्या निम्म्याहून कमी. दुपारभर बसून मी बनवलेल्या त्या फाईलमध्ये फरक कितीतरी मोठा होता. म्हणजे उत्तर मला आधीच माहीत होतं हेही खरं नव्हतं.

जून संपता संपता मी कबूल केल्याप्रमाणे उरलेल्या सालीची पोती घेऊन गेले. निळ्यांची पाळी. पण तोवर रान हिरवं झालं होतं. मावशींनी टोपली ठेवली, निळ्या करडांनी तीत नाक घातलं, एखाददुसरा घास घेतला आणि ती दाराकडे धावली. बाहेर कोवळं गवत होतं. मी खजील होऊन उभी राहिले. म्हटलं, "मावशी, आता याचा काही उपयोग नाही."

"तू दिलं न. झालं. खायचं का नाही थे त्यायचं पाहतीन." तरीही त्यांनी पूर्ण नव्वद दिवस रोज टोपली ठेवली. मी मोजायला सांगितलं नव्हतं.

तोंडी परीक्षा दिवाळीनंतर झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिस चाळत विचारलं, "मुदतवाढ कशासाठी घेतली होती?" सर खिडकीबाहेर पाहत होते. मी पहिल्या प्रयोगाचं सगळं सांगितलं, आकडे का वगळले तेही. परीक्षकांनी विचारलं, "मग यात चूक कोणाची म्हणाल?"

"माझी," मी म्हटलं. "मी मालकाची सही घेतली, संमती घेतली नाही."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि सालीतल्या लिंबूवर्गीय तेलाचा जनावराच्या पोटातल्या जंतूंवर काय परिणाम होतो, या प्रश्नाकडे वळले. तो प्रश्न मला नीट आला नाही. तरीही अर्ध्या तासानं त्यांनी उठून हात मिळवला.

संध्याकाळी मी मावशींना फोन केला. मागे बकऱ्यांचा गलका चालू होता, त्यांना दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

"पास झाली?"

"झाले."

"चांगलं झालं." मग, "आता काय करते?"

"पीएच.डी.ला अर्ज केला आहे. झाली तर तीन-चार वर्षं."

"अन् बकऱ्या कोनाच्या?"

मी काही ठरवलं नव्हतं. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग पैले इकडे ये. बसू अन् बोलू." फोन ठेवताना त्या कुठल्याशा बकरीला हाकलत होत्या. पुढच्या आठवड्यात मी जायचं ठरवलं आणि सरांना तसं सांगितलं.